‘झोप लागत नाही’ला किती गुण? समलिंगी पुरुषांचं मनःस्वास्थ्य मोजताना

दिवाळी संपली की समाजकार्य आणि मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे फोन सुरू होतात. "सर, गे मुलांच्या मेंटल हेल्थवर डिझर्टेशन आहे, तीसचाळीस फॉर्म भरून मिळतील का?" मी कळव्याचा. ठाण्यापासून पनवेलपर्यंतच्या पट्ट्यात पुरुषांसोबत काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत फील्ड सांभाळतो आणि स्वतः गे आहे. त्यामुळे हे असले फॉर्म मी भरून दिलेतही आणि भरून घेतलेतही. फॉर्म मिळतात हो. पण त्यातून नेमकं काय मोजणार, असं विचारलं की पलीकडे शांतता पसरते. दरवेळी फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकतो.

पहिली गोष्ट, त्रास वेगळा आणि त्रासाचं कारण वेगळं. उदासी, धडधड, झोप उडणं, दारू वाढणं हा त्रास. कारणाच्या बाजूला इलन मायर यांची मांडणी वाचा. १९९५ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कच्या गे पुरुषांबद्दल ती मांडली आणि २००३ मध्ये नीट विस्तारली. तिला अल्पसंख्याक ताण म्हणतात. घरभाडं, हप्ते, दिवा स्टेशनला न थांबणारी फास्ट लोकल, हा ताण सगळ्यांनाच. त्यावर या माणसाला आणखी एक थर सोसावा लागतो, फक्त तो असा आहे म्हणून. या थराचा काही भाग बाहेर घडतो: टोमणे, मारहाण, खोली नाकारणं, पैसे उकळणं. काही भाग आत चालतो: आता हा आपल्याला तोडणार अशी सतत वाट बघणं, लपवणं आणि स्वतःचीच किळस येणं. तिसऱ्या बाजूला आधार असतो. कोणाच्या पाठीशी मित्र आहेत, कोणाच्या बहीण आहे, कोणाच्या कोणीच नाही.

या तीन बाजू वेगळ्या मोजल्या नाहीत तर काय होतं? तुम्ही फक्त नैराश्य मोजता, आकडा मोठा येतो आणि पहिल्याच सेमिनारला कोणीतरी काका उठून म्हणतात, "बघा, म्हणजे आजारच आहे." अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी १९७३ मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये आणि भारतातल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१८ मध्ये हा आजार नाही असं स्पष्ट केलं. काकांच्या हातात नवं कोलीत द्यायला तुमचा प्रबंध नको.

आता साधनं. उदासीसाठी पीएचक्यू-९ घ्या. नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दल. ‘अजिबात नाही’ला ०, ‘काही दिवस’ला १, ‘निम्म्याहून जास्त दिवस’ला २, ‘जवळजवळ रोज’ला ३. बेरीज ० ते २७. पाचला सौम्य, दहाला मध्यम, पंधराला मध्यम ते तीव्र आणि वीसला तीव्र. चिंतेसाठी जीएडी-७: सात प्रश्न, बेरीज २१ पर्यंत, टप्पे ५, १० आणि १५. दोन्ही फुकट वापरता येतात आणि त्यांची मराठी रूपं उपलब्ध आहेत, तेव्हा घरी बसून नवा अनुवाद पाडू नका. दारूसाठी जागतिक आरोग्य संघटनेची ऑडिट ही दहा प्रश्नांची चाचणी. बेरीज आठ किंवा त्याहून जास्त आली की लक्ष द्यायचं. सर्वसाधारण ताणासाठी कोहेन यांची दहा प्रश्नांची पीएसएस ठेवा. ती टाळू नका, कारण नोकरी गेल्याचा ताण आणि गे असल्याचा ताण यांची सरमिसळ उकलायला तिचाच उपयोग होतो.

कोणतीही चाचणी निदान करत नाही. पीएचक्यूत १३ गुण म्हणजे ‘याला नैराश्य आहे’ असं नाही, ‘याच्याशी जाणकाराने नीट बोलायला हवं’ एवढंच. प्रबंधात ‘नैराश्यग्रस्त’ असं लिहिणाऱ्यांना मी ते खोडायला लावतो.

पीएचक्यू भरून घेताना आपल्या भागात दोन भानगडी होतात. एक रात्रपाळीची. ऐरोली-महापेच्या कंपन्यांमध्ये अमेरिकेच्या वेळेवर काम करणारा पोरगा झोपेच्या प्रश्नाशी येऊन अडतो. "सर, मी झोपतोच सकाळी नऊला, खाली भंगारवाला ओरडत असतो. झोप लागत नाही म्हणजे यात काय लिहू?" तो म्हणेल ते लिहा. गुण तुम्ही बदलायचे नाहीत, पण समासात ‘पाळी’ अशी नोंद करा आणि कामाच्या वेळेचा रकाना आधीपासून फॉर्ममध्ये ठेवा. नंतर विश्लेषणात रात्रपाळीवाले वेगळे काढून बघता येतात. झोप, थकवा आणि भूक या तीन प्रश्नांवरच कोणाची बेरीज फुगली असेल, तर ती मनाची कथा असेलच असं नाही.

दुसरी भानगड तारखेची. दोन आठवडे म्हणजे कोणते दोन आठवडे? गणपतीला अर्धं ठाणं कोकणात असतं. आरतीनंतर ओटीवर बसलेले सगळे काका-मामा एकच विषय काढतात: "यंदा बघायचं ना?" तिथून परतलेल्या पोराचा फॉर्म आणि त्याच पोराचा जूनमधला फॉर्म यांत फरक पडणारच. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते, तेव्हाही तेच. म्हणून सगळे फॉर्म एका हंगामात संपवा, नाहीतर तारीख लिहून हंगाम वेगळा धरा. परदेशी पुस्तकात हे सापडायचं नाही.

ताणाच्या बाजूची साधनं निवडताना जरा जास्त डोकं लागतं. रोजच्या भेदभावासाठी डेव्हिड विल्यम्स यांची १९९७ ची नऊ प्रश्नांची मोजपट्टी चालते: लोक तुम्हाला कमी लेखतात का, दुकानात-हॉटेलात नीट वागवत नाहीत का, असे प्रश्न असतात. मूळ वंशभेदाच्या अभ्यासातली आहे. शेवटी ‘हे कशामुळे झालं असं तुम्हाला वाटतं’ असा प्रश्न येतो. जात, भाषा, धर्म, चालण्याबोलण्याची ढब, सगळे पर्याय तिथे द्या आणि एकाहून जास्त निवडू द्या. मुंब्र्याच्या मुलाला खोली नाकारली ती नेमकी कशासाठी, हे तुम्ही ठरवू नका.

लपवण्यासाठी नेब्रास्का आउटनेस स्केल मला सगळ्यात कामाची वाटते. दहाच प्रश्न. घरचे, नातेवाईक, मित्रमंडळी, कामावरचे, अनोळखी, अशा पाच गटांबद्दल आधी विचारायचं की यातल्या किती टक्के लोकांना तुमच्याबद्दल माहीत आहे. मग विचारायचं की त्यांच्यासमोर तुम्ही हा विषय किती वेळा टाळता, ० ते १०. माहीत असणं आणि टाळणं हे दोन वेगळे आकडे निघतात हीच तिची खुबी. आपल्याकडे असे कितीतरी जण भेटतात ज्यांच्या आईला सगळं ठाऊक आहे आणि घरात त्यावर कधीच कोणी बोलत नाही. माहीत १०० टक्के, टाळणं १०. हे ताट वाढून झाकून ठेवल्यासारखं घर एका आकड्यात कधी मावलं नसतं.

एक विनंती. लपवण्याचे गुण जास्त आले म्हणून त्या माणसात खोट काढू नका. चाळीत दोन खोल्यांत पाच माणसांत राहणारा, धाकट्या भावाच्या फीसाठी वडिलांवर अवलंबून असलेला मुलगा गप्प राहतो, ते शहाणपणाने. त्याला त्याची किंमत मोजावी लागते आणि ती किंमत आपण मोजतोय. पण दोष लावायला आपण बसलेलो नाही.

आता सगळ्यात अवघड भाग, स्वतःबद्दलचा तिटकारा. यासाठी नऊ प्रश्नांची एक जुनी मोजपट्टी आहे, मायर यांनीही वापरलेली. तिच्यात या अर्थाचा प्रश्न आहे: तुम्हाला पूर्णपणे स्त्रियांकडे आकर्षित होणारा पुरुष बनण्याची संधी मिळाली तर घ्याल का? ‘हो’ म्हटलं की तिटकाऱ्याच्या खात्यात गुण. घणसोलीला राहणारा, एपीएमसीच्या धान्य बाजारात काम करणारा एक माणूस माझ्यासमोर या प्रश्नावर क्षणभरही थांबला नव्हता. ‘हो, नक्कीच.’ बाकीच्या आठ प्रश्नांवर मात्र शांत, हसत, ‘नाही, तसं काही वाटत नाही.’ मी सहज विचारलं, मग या एकालाच का? म्हणाला, "मला माझं काही वाईट वाटत नाही ओ. पण माझ्यावरून बहिणीचं लग्न अडलंय. मी बदललो तर तिचं सुटेल." आता सांगा, हा तिटकारा की हिशोब? मोजपट्टीला हा फरक कळत नाही.

म्हणून या प्रश्नानंतर एक ओळ रिकामी सोडा: ‘का?’ उत्तर त्याच्याच शब्दांत लिहा. बेरीज मूळ पद्धतीनेच करा, म्हणजे इतर अभ्यासांशी तुलना राहते. पण ‘का’ची उत्तरं वेगळी वाचा आणि किती जणांनी घरच्यांसाठी ‘हो’ म्हटलं ते सांगा. माझ्या मते तुमच्या अख्ख्या प्रबंधात नवीन काही निघालंच, तर ते या रिकाम्या ओळीतून निघेल.

आपल्याकडचे काही ताण कोणत्याच आयात मोजपट्टीत नाहीत. ते स्वतंत्र पानावर विचारा आणि मोजपट्टीच्या बेरजेत मिसळू नका. गेल्या १२ महिन्यांत लग्नासाठी स्थळ आणलं गेलं का? भेटायला जायची सक्ती झाली का? घरच्यांनी ‘बरं करायला’ डॉक्टर, बाबा, देवऋषी यांच्याकडे नेलं का? ॲपवरून भेटायला बोलावून पैसे, फोन, चेन काढून घेतली का? हा शेवटचा प्रश्न विचारायला विसरू नका. पद्धत ठरलेली असते: खोलीवर एकजण बोलावतो, दहा मिनिटांनी आणखी दोघेतिघे आत येतात आणि तिथेच उभं करून फोनवरून पैसे पाठवायला लावतात. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे संबंध कलम ३७७ मधून बाहेर काढले, त्यामुळे ‘केस करू’ ही धमकी पोकळ झाली. ‘तुझ्या बिल्डिंगमध्ये येऊन सांगू’ या धमकीची धार अजून तशीच आहे. म्हणून ‘पोलिसांकडे गेलात का’ विचाराल तेव्हा ‘नसाल तर कशामुळे’ हेही विचारा.

आधारासाठी झिमेट यांची बारा प्रश्नांची मोजपट्टी आहे: कुटुंब, मित्र आणि एक ‘खास व्यक्ती’, प्रत्येकी चार प्रश्न. खारघरच्या एका लग्न झालेल्या माणसाने पेन खाली ठेवून मला विचारलं होतं, "खास व्यक्ती म्हणजे बायको, का तो?" फॉर्म लिहिणाऱ्याच्या डोक्यात हा प्रश्न आलेलाच नसतो. ‘तुमच्या मनात जी व्यक्ती आली ती धरा’ एवढंच सांगा आणि शेवटी ती कोण होती यावर एक खूण करायला सांगा. आणि हो, लग्न झालेल्यांना वगळू नका. आपल्या पट्ट्यात त्यांना वगळलं तर अभ्यास कोणाचा राहिला?

माणसं कुठून आणायची? आमच्यासारख्या संस्थेकडून यादी घेतली की काम सोपं होतं आणि नमुना एकांगी. एचआयव्ही प्रतिबंधाच्या टीआय प्रकल्पात नोंद असलेला पुरुष आधीच कोणाशी तरी बोलता झालेला असतो. त्याला आउटरीच वर्कर माहीत असतो, तपासणी कुठे होते ते माहीत असतं. जो घोडबंदरच्या टॉवरमध्ये बसून फक्त ॲपवर आहे, नाव नाही, फोटो नाही, तो त्या यादीत नाही. भिवंडीच्या पॉवरलूमवरचा नाही, टीटीसी पट्ट्यातल्या कारखान्यातला बिहारी कामगारही नाही. त्यासाठी साखळीने जा. हेकॅथॉर्न यांनी १९९७ मध्ये मांडलेल्या पद्धतीत प्रत्येकाला मोजकीच कुपनं, बहुधा तीन, देतात. तो आपल्या ओळखीच्यांना देतो, ते पुढे देतात. कुपनं मोजकी असल्याने एकाच टोळक्याचे पन्नास फॉर्म येत नाहीत. सुरुवातीची माणसं मात्र मुद्दाम वेगवेगळी निवडा: एक नौपाड्याचा, एक मुंब्र्याचा, एक वाशीचा, एक लग्न झालेला, एक पन्नाशीचा. आणि प्रत्येकाला विचारा, ‘या भागात असे किती पुरुष तुमच्या ओळखीचे आहेत?’ हा आकडा नसेल तर कोणाच्या फॉर्मला किती वजन द्यायचं, हे गणित पुढे करता येत नाही. फॉर्म हिंदीतही ठेवा.

जागेबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण सगळे घोळ इथेच होतात. तलावपाळीला संध्याकाळी बसू नका, तिथे अर्धं ठाणं फिरत असतं आणि कोणाची ना कोणाची मावशी भेटतेच. उपवनला दुपारी बरं, संध्याकाळी नको. कॉलेजच्या कँटीनमध्ये तर मुळीच नाही; एका विद्यार्थ्याने मला तिथे शेजारच्या टेबलाला ऐकू जाईल अशा आवाजात "आत्महत्येचे विचार येतात का?" विचारलं होतं, मी चहाचे पैसे देऊन उठलो. माणसाच्या घरी जाणंही धोक्याचं, एक दार लोटलं तरी पडद्यामागून आवाज जातो. माझा आवडता उपाय: दुपारी बहुतेक खासगी दवाखाने बंद असतात. ओळखीच्या डॉक्टरची आतली खोली मागून घ्या. दवाखान्यात कोणी का बसलाय, असं कोणी विचारत नाही. ऑनलाइन फॉर्म करायचा असेल तर ईमेल गोळा करणं बंद करा आणि शीर्षक ‘पुरुषांचं आरोग्य सर्वेक्षण’ असंच ठेवा, फोन कोणाच्याही हातात असू शकतो. व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक टाकू नका, एकेकाला पाठवा.

नाव नको, सहीही नको. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे एथिक्स समितीला विचारून तोंडी संमतीची परवानगी घेता येते. कारण लिहा की सही हाच इथे सगळ्यात मोठा धोका आहे. वय १८ च्या वरच. आणि लेखात ‘ऐरोली, वय ३१, सहकारी बँकेत कारकून’ असं लिहाल तर नाव लिहिल्यासारखंच झालं. वयाचे गट करा आणि जागा ‘ठाणे शहर’ किंवा ‘नवी मुंबई’ एवढीच.

पीएचक्यूचा नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. त्यावर शून्याहून जास्त काहीही आलं की फॉर्म बाजूला आणि माणूस पुढे. आत्ता काही ठरवलंय का, साधन जवळ आहे का, आज रात्री घरी सोबत कोण आहे, हे सरळ शब्दांत विचारा. विचारल्याने कोणाच्या डोक्यात नवीन कल्पना येत नाही. धोका दिसला तर त्याला एकटं सोडू नका. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. तुमच्या समोरच लावून द्या. ठाण्याला १९०१ पासूनचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, पण ‘याला ठाण्याला पाठवा’ हा विनोद अख्ख्या महाराष्ट्राने करून ठेवल्यामुळे नाव काढताच माणूस दचकतो. तेव्हा थेट नाव न फेकता ओपीडीत काय होतं ते आधी समजावा. खासगी डॉक्टरकडे पाठवायचं असेल तर आधी तुम्ही स्वतः फोन करून विचारा, "समलिंगी पेशंट आहे, तुम्ही त्याला बदलायचा प्रयत्न करणार का?" २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असल्या ‘उपचारां’ना गैरवर्तन ठरवलंय, तरी विचारून घ्या. ज्यांच्याकडे ही पुढची सोय तयार नाही त्यांनी नववा प्रश्न विचारू नये. मी तर म्हणेन, त्यांनी अभ्यासच सुरू करू नये.

गणिताचं थोडक्यात. उलटे प्रश्न, म्हणजे जिथे जास्त गुण म्हणजे कमी त्रास, ते उलटवून मगच बेरीज. प्रत्येक मोजपट्टीचा अल्फा, म्हणजे तिच्या प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात तो आकडा, तुमच्या स्वतःच्या नमुन्यावर काढा, मूळ लेखातला उतरवू नका; ०.७ च्या खाली आला तर कोणता प्रश्न लोकांना कळला नाही ते शोधा. ताण आणि त्रास यांचा संबंध तपासताना पीएसएसचे गुण, उत्पन्न, वय, पाळी आधी धरा आणि मग बघा अल्पसंख्याक ताणाने त्यावर काही भर पडते का. एकदाच भरलेल्या फॉर्मवरून ‘लपवल्यामुळे नैराश्य आलं’ असं लिहू नका. उदास माणूसही लोकांपासून लपतोच. संबंध आहे, एवढंच लिहा. आणि भिन्नलिंगी पुरुषांचे फॉर्म भरून घेतले नसतील तर ‘गे पुरुषांत नैराश्य जास्त’ हे वाक्य तुम्हाला लिहिता येत नाही.

भरून झाल्यावर बहुतेक जण विचारतात, "मग माझं किती आलं?" हा प्रश्न टाळू नका. आकडा सांगा, त्याचा अर्थ सांगा. पीएचक्यूत पंधराच्या पुढे असेल तर पुढच्या आठवड्यात कधी भेटतोस ते तिथेच ठरवा. खर्चासाठी दिलेले पैसे पाकिटात द्या, पाकिटावर काही लिहू नका. निघताना आधी त्याला जाऊ द्या आणि तुम्ही पाच-दहा मिनिटांनी निघा. ठाणे-वाशी लोकलमध्ये पुन्हा समोर आलात तर ओळख त्याने दाखवली तरच दाखवायची.